आईंना विमानतळावर बसवून ठेवलं तो सोमवार

फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. स्क्रीनवर नंबर नव्हता, नुसतं 'प्रायव्हेट' असं दिसत होतं. असले फोन मी कधी उचलत नाही. त्या दुपारी उचलला, कारण माझ्या सासूबाई परदेशात उतरून बराच वेळ झाला होता आणि नणंदेकडून 'आई पोचली' असा मेसेज काही आला नव्हता.

पलीकडे एक पुरुष इंग्रजीत बोलत होता. हळू आणि सपाट, रोज तेच बोलून गुळगुळीत झालेलं. या नावाच्या बाई तुमच्या कोण लागतात, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, सासू. मग तो म्हणाला की त्यांना देशात घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, त्यांना आणखी प्रश्न विचारायचे आहेत, आणि तोवर त्या आमच्या ताब्यात आहेत. नियमाप्रमाणे त्यांना एका माणसाला कळवायची मुभा असते. त्यांनी तुमचा नंबर दिला.

माझाच का दिला, हे मला लगेच कळलं. मोबाईल त्यांच्याकडून काढून घेतला असणार. आणि पाठ असलेला नंबर त्यांना एकच होता. आमच्या घराखाली 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी आहे, तिच्यावर माझा नंबर आहे. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला आई तो तोंडी सांगत असत. स्वतःच्या मुलीचा तिकडचा लांबलचक नंबर त्यांना कुठून पाठ असणार!

देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. नणंद आणि तिचा नवरा अजून तिथेच आहेत आणि त्यांच्या कागदांचा निकाल लागायचा आहे.

आमचं गाव तळवली, नवी मुंबईतलं. आई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा घराच्या मागे भातशेती होती आणि पुढे खाडीपर्यंत मोकळं होतं, असं त्या सांगतात. मी आले तोवर शेती जाऊन चार मजली घर उभं राहिलं होतं. घरात पैसा येत होता, तरी आईंनी मासळीची पाटी सोडली नाही. रोज सकाळी घणसोलीच्या बाजारात बसायच्या. बिल्डिंगमधल्या बायकांशी त्यांचं हिंदी, मराठी, हातवारे सगळं एकदम चालायचं आणि कुणाचं काही अडायचं नाही. मी साताऱ्याकडची. पहिल्या वर्षी मला त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. गाडीला गारी, डोळ्याला डोला, मला म्हणायचं तर मना. मी 'काय म्हणालात?' विचारलं की त्या हसायच्या आणि तेच वाक्य तसंच्या तसं, फक्त मोठ्याने, पुन्हा म्हणायच्या.

नणंदेला पहिलंच बाळंतपण. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी दिवस राहिले होते, ते राहतायत की जातायत या भीतीतच महिने गेले. आई जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. व्हिसा मिळाला. साडीवर घालायला स्वेटर घेतला, पायात बूट घेतले. बूट घालून त्या घरभर चालून बघत होत्या तेव्हा माझी मुलं पोट धरून हसली होती. नणंदेने बजावलं होतं, विचारलं तर सांग, मुलीला भेटायला आले. आई म्हणाल्या, "मंग दुसरा काय सांगनार? भेटायलाच चाल्लंय ना."

तो अधिकारी म्हणाला, तुम्ही त्यांच्याशी थोडा वेळ बोलू शकता. फोनमध्ये खुडबुड झाली आणि आईंचा आवाज आला.

"पोरी?"

"आई, काय झालं?"

"मना खोलीन बसवलंय. खिरकी नाय. पिशवी बी घेतली." मग एकदम आवाज खाली. "जावई कंदी येनार? भाएर उभा आसंल ना तो?"

"येतील, आई. तुम्ही काही खाल्लंत का?"

"सोमवार हाय. इमानात अंडा दिला, मी नाय खाल्ला. तू पोरीला फोन कर. तिला बोल, आई आयली हाय, घाबरू नको."

मी पुढे काही विचारायच्या आत फोन पुन्हा त्या माणसाकडे गेला. मी घाईघाईने म्हणाले, त्यांना डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतात, त्यांची औषधं आणि बिस्किटं त्या पिशवीत आहेत. तो म्हणाला, त्यांनी मागितलं तर देण्यात येईल. मी म्हणाले, त्यांना इंग्रजी येत नाही, त्या मागणार कशा? तो म्हणाला, दुभाषा फोनवर उपलब्ध आहे. आणि धन्यवाद म्हणून त्याने फोन ठेवला.

मी कपड्यांची बादली तशीच टाकून आत आले. नणंदेला फोन लावला, तिने उचलला नाही. तिच्या नवऱ्याला लावला, तोही उचलेना. माझा नवरा द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर आहे. तिथे आत मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. गेटच्या केबिनचा नंबर लावला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, साहेब आत कंटेनरवर हायेत. निरोप देतो." काय निरोप द्यायचा? 'तुमच्या आईला परदेशात पकडलंय' असं परक्या माणसाला कसं सांगणार? मी म्हणाले, घरी या म्हणावं, लगेच.

माझी चुलत जाऊ खालच्या मजल्यावर राहते. तिला हाक मारली. ती हातातलं पीठ तसंच घेऊन वर आली आणि माझ्या शेजारी बसली. मी एकामागून एक नंबर लावत राहिले.

शेवटी नणंदेच्या नवऱ्याने फोन उचलला. "वहिनी," एवढंच म्हणाला आणि रडायलाच लागला. तो विमानतळावर आईंना घ्यायला उभा होता. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, की नणंदेला खूप रक्त जातंय आणि ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. आई बाहेर येऊन आपली वाट बघतील म्हणून त्याने तिथल्या एका बाकावरच्या माणसाला आईंचा फोटो दाखवून निरोप ठेवला आणि हॉस्पिटलकडे गाडी पळवली. आता तिला आत ऑपरेशनला नेलं होतं. वार गर्भाशयापासून सुटली होती, असं डॉक्टर म्हणत होते. दिवस भरायला अजून अवकाश होता.

मी त्याला सांगितलं, की आईंना आतच अडवलंय. तो म्हणाला, "वहिनी, मी इथून हलू शकत नाही. इथे सारख्या सह्या मागतायत."

"नका हलू," मी म्हणाले. "तुम्ही तिथेच राहा. इकडचं मी बघते."

काय बघणार होते मी? तळवलीच्या एका खोलीत बसून?

नेटवर शोधून आपल्या वकिलातीचा तिथला नंबर काढला. बऱ्याच वेळा 'एक दाबा, दोन दाबा' करून शेवटी एक माणूस भेटला. थकलेला, पण ऐकून घेणारा. हिंदीत बोलला. मी सांगत होते आणि तो मधेमधे 'जी, जी' म्हणत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "त्यांनी स्वतः आमच्या ऑफिसला कळवायला सांगितलंय का? त्यांनी सांगितलं तर अधिकाऱ्यांना आम्हाला कळवावंच लागतं."

"त्यांना माहीतच नाही की असं सांगता येतं."

तो म्हणाला, की कारण लेखी मिळायला हवं, ते मागता येतं. जबाबावर सही करण्याआधी तो त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवा. औषध आणि खाणं नाकारता येत नाही. दुभाष्याचं बोलणं कळत नसेल तर दुसरा मागता येतो. "पण त्यांनी म्हणायला पाहिजे, बहनजी. मला समजत नाही, एवढं त्यांनी म्हटलं पाहिजे. गप्प राहिल्या किंवा हो म्हणाल्या तर समजलं असं धरतात. मी इकडून फोन करून बघतो. तुम्ही त्यांना एवढं कळवा."

मी त्यांना कळवायचं! प्रायव्हेट नंबरवर उलट फोन लागत नाही. विमानतळाचा जो नंबर सापडला तिथे गाणं वाजत होतं आणि मधूनच एक बाई, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं सांगत होती. आईंना वाचवू शकणारं वाक्य मला आता माहीत होतं, दोन शब्दांचं, 'कलत नाय', आणि ते त्यांच्यापर्यंत पोचवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मी तो फोन कानाला लावून खोलीत फेऱ्या मारत राहिले. जाऊ म्हणाली, "देवीला बोल काय तरी." मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. ठाणे-बेलापूर रोडवरून ट्रेलर जात होते, त्यांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि प्रत्येक वेळी मला फोन वाजल्याचा भास होत होता.

नवरा आला तो घामाने निथळत. त्याला सगळं सांगितलं तर तो खुर्चीत बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला, अगदी सावकाश. आईच्या औषधाची एवढीशी चिठ्ठी कुणी हरवली तरी आरडाओरडा करणारा माणूस. म्हणाला, "मी जातो." मी म्हणाले, "कुठे?" त्याच्याकडे पासपोर्टही नव्हता.

तिकडे आत काय चाललं होतं ते मला पुढे आईंनी सांगितलं, तुकड्या तुकड्यांनी, कितीतरी दिवसांनी.

त्यांना एका टेबलाशी बसवलं होतं आणि टेबलावर स्पीकरचा फोन होता. अधिकारी इंग्रजीत विचारायचा, फोनमधला दुभाषा मराठीत सांगायचा. त्याचं मराठी पुस्तकातलं, आणि फोनला खरखर. त्याने विचारलं, "आपण तिथे काम करणार आहात का?"

आईंना तो प्रश्नच अपमानाचा वाटला. त्या म्हणाल्या, "काम करनार नाय तं काय? पोरीच्या घरी बसून खानार?"

मग विचारलं, कोणतं काम? आईंनी सगळं सांगितलं. बाळाला न्हाऊ घालायचं, पोरीला शेक द्यायचा, भांडी, स्वयंपाक, धुणं. काही सुटू नये म्हणून आठवून आठवून सांगितलं. तिकडचे लोक विचारतायत तर त्यांना कळू दे, पोरीची आई किती कामाची आहे ते.

मग त्याने विचारलं, "याचा मोबदला मिळणार आहे का?"

खरखरीत आईंना 'मोबदला' ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तरी तो शब्द त्यांच्या बोलण्यातला नाही. त्यांना वाटलं हा विचारतोय, मुलगा मिळणार आहे का. त्या हात जोडून म्हणाल्या, "देवाच्या मनात आसंल तं मिलंल."

हे सगळं लिहून घेतलं गेलं. काम करणार, हो. मोबदला मिळण्याची आशा आहे, हो. आणि आधी विमानतळाच्या खिडकीवर मात्र ही बाई फक्त भेटायला आले म्हणाली होती. म्हणजे खोटं बोलली.

पुन्हा त्याच बिनखिडकीच्या खोलीत आणून बसवलं. तिथे आणखी एक बाई होती, डोक्याला रुमाल बांधलेली, नणंदेच्या वयाची. कुठल्या देशाची ते आईंना कळलं नाही. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ती बाई रडत होती म्हणून आईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने आईंनाच कसंतरी व्हायला लागलं. विमानात जेवणाचा ट्रे येताना दिसला तेव्हा त्यांनी सवयीने इन्सुलिन टोचून घेतलं होतं, आणि मग ट्रेमध्ये निघालं अंडं. हातापायाला कापरं भरलं, अंग भिजलं, डोळ्यांपुढे अंधारी. औषधं आणि बिस्किटं दाराच्या पलीकडे, पिशवीत.

"तुम्ही मागितलं का नाही, आई?" मी नंतर विचारलं.

"मागाची लाज वाटली. त्याला वाटला आसता, खायालाच आयली हाय."

त्या खुर्चीवरून सरकल्या तेव्हा ती रुमालवाली बाई उठली आणि तिने दार दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. दार उघडेपर्यंत ती बडवत राहिली. आई सांगतात, तिचा आवाज एवढा मोठा असेल असं तिच्याकडे बघून वाटलं नसतं. मग धावपळ झाली. डॉक्टर आला, गोड पाणी पाजलं, पिशवी आणून दिली. त्यानंतर त्या बाईला कुठेतरी दुसरीकडे नेलं. तिचं पुढे काय झालं हे आईंना कधीच कळलं नाही, आणि त्या अजून मधूनच विचारतात, जसं काही मला माहीत असेल.

प्रायव्हेट नंबर पुन्हा आला तेव्हा आमच्याकडे दिवेलागणीची वेळ होती. या वेळी बाईचा आवाज. ती म्हणाली, आता ही केस माझ्याकडे आहे, तुमच्या सासूबाईंची तब्येत बिघडली होती, आता बरी आहे. मला पुढचं ऐकूच येईना. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला, मग इंग्रजी सुचेना म्हणून परत माझ्याकडे दिला.

तिने जबाब वाचला होता आणि तिला काहीतरी खटकलं होतं. तिने विचारलं, तुमच्या सासूबाई कोणती भाषा बोलतात? मी म्हणाले, मराठीच, पण आमच्या इकडची, खाडीकाठच्या गावातली, पुस्तकातली नाही. मी सांगते ना तुम्हाला, माझ्याशी बोलू द्या, मी एक एक वाक्य सांगते.

"नाही," ती म्हणाली. "घरच्या माणसाला दुभाषा करता येत नाही. हा नियम त्यांच्याच संरक्षणासाठी आहे."

नियम चांगलाच होता. मी त्या क्षणी त्या नियमावर डोकं आपटलं असतं.

ती म्हणाली, मी दुसरा दुभाषा शोधते आणि सगळा जबाब नव्याने घेते. तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? मी सांगितलं, त्यांची मुलगी आत्ता ऑपरेशन टेबलवर आहे. "हे त्यांना माहीत आहे का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, ही गोष्ट त्यांना तुमच्याकडून कळावी की माझ्याकडून, हे तुम्ही ठरवा.

तेवढ्यात नवऱ्याच्या फोनवर हॉस्पिटलमधून मेसेज आला. मुलगी झाली, काचेच्या पेटीत ठेवली आहे. नणंदेचं रक्त थांबत नव्हतं, आता थांबलं, पण शुद्धीवर नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत.

मी म्हणाले, मी सांगते.

"आई, तुम्हाला नात झाली."

"नात? आन पोर?"

एवढाच प्रश्न. मासळीचा भाव करताना समोरच्याचा चेहरा वाचणारी बाई, फोनवरून माझा आवाज वाचत होती. मी खोटं बोलू शकले नाही. सांगितलं सगळं. त्या रडल्या नाहीत. विचारलं, "हास्पिटल हितून किती लांब हाय?"

"गाडीने तासाभराचं असेल."

"मंग या बाईला सांग. मना एकदा पोरीला बघून येऊं दे. हातकऱ्या घाल बोल. दोन मानसा बरोबर दे. बघून येतंय आन परत हितच बसतंय. मंग खुशाल पाठवा मना घरी. सांग तिला."

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. घरच्या माणसाला दुभाषा करता येत नाही हे तिने तेव्हा मला ऐकवलं नाही. ती म्हणाली, मी वरच्यांना विचारते. तिचा आवाज बदललेला होता. फोन ठेवल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मुलं दारात येऊन थबकली होती, त्यांना जाऊ खाली घेऊन गेली.

वरच्यांनी नाही म्हटलं.

दुसरा दुभाषा मिळाला तो उरणकडचा निघाला. आई सांगतात, त्याने फोनवर पहिलंच विचारलं, "आये, जेवलीस का?" तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. त्याने सगळा जुना जबाब त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवला. मुलगा आणि मोबदला यांचा घोटाळा तिथे उघडकीला आला. आईंनी सांगितलं, मुलीच्या बाळंतपणाचे पैसे कोण आई घेते? ते नव्याने लिहिलं गेलं. खोटं बोलल्याचा ठपका काढला. पण निकाल बदलला नाही. या बाई काही महिने राहून मूल सांभाळणार, आणि ज्या व्हिसावर आल्या त्यात तसं बसत नाही, असं म्हणणं पडलं. कारणं लेखी दिली. वाचून दाखवली. कळलं का, असं विचारलं. आई म्हणाल्या, "कलला. पन पटला नाय." उरणच्या माणसाने तेही इंग्रजीत सांगितलं, आणि त्या अधिकारी बाईने तेही लिहून घेतलं. मग आईंनी सही केली.

सगळं नियमाने झालं. औषध मिळालं, भाषा मिळाली, कारण मिळालं, सहीच्या आधी वाचून मिळालं. मुलगी नाही मिळाली.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. त्याआधी अधिकारी बाईने हॉस्पिटलला फोन जोडून दिला. नणंद अजून अर्धवट गुंगीत होती. तिच्या नवऱ्याने फोन तिच्या कानाशी धरला. आई काय बोलल्या ते त्याने ऐकलं, पण तो सांगत नाही. एवढंच म्हणतो, की तिने डोळे न उघडता मान हलवली.

आम्ही त्यांना घ्यायला मुंबईच्या विमानतळावर गेलो. पासपोर्ट त्यांच्या हातात दिलेला नव्हता, पाकिटात घालून विमानाच्या लोकांकडे होता, त्यामुळे इकडेही त्यांना बाजूला बसवून विचारपूस झाली. सगळे प्रवासी निघून गेले तरी आई दिसेनात. मग दिसल्या. स्वेटर अंगात, बूट पायात, पिशवी छातीशी धरलेली. नवरा पुढे झाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला, भर गर्दीत. त्या त्याला म्हणाल्या, "चल, गारी कुठं हाय?"

गाडीत त्या खिडकीशी बसल्या. ऐरोलीचा पूल लागला, खाली खाडीला ओहोटी होती. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तो पयला फोनवाला सायबाला काय बोलला ते जबाबान लिवला होता, उरनवाल्यानं मना वाचून दाखवला. बाईंची भाषा मराठी वाटत नाय बोलला. मंग कंची हाय आपली भाषा?"

मी म्हणाले, "मराठीच आहे, आई."

"तुला पन पयली कलत नवती," त्या म्हणाल्या, रागाने नाही, आणि बाहेर बघत राहिल्या.

नणंद वाचली. बरेच आठवडे अंथरुणात होती. बाळ पेटीतून बाहेर यायलाही वेळ लागला. आम्ही तक्रार लिहिली. उत्तर आलं, त्यात दिलगिरी होती. पहिल्या जबाबाच्या वेळी दुभाषा बदलायला हवा होता, औषधांची चौकशी आधी व्हायला हवी होती, असं त्यात मान्य केलं होतं. नव्याने अर्ज करायला हरकत नाही असंही होतं. नवऱ्याने आईंना ते वाचून दाखवलं. त्या मासळीची पाटी घासत होत्या. म्हणाल्या, "ठेव कपाटान."

त्यांनी अर्ज केला नाही. आम्हीही जोर केला नाही. नणंदेला तिचे कागद होईपर्यंत देश सोडता येत नाही, बाहेर पडली तर परत घेतीलच याची खात्री नाही. नात आता रांगते, आणि आईंनी तिला हात लावलेला नाही.

ते पहिले महिने कसे गेले ते मात्र सांगायला हवं. नणंदेला उठवत नव्हतं, आणि एवढंसं मूल न्हाऊ कोण घालणार? तिकडे तशी बाई मिळत नाही. आई बाजारातून आल्या की हातपाय धुऊन फोन समोर घेऊन बसायच्या. तिकडे तेव्हा सकाळ असायची. जावई, चांगला कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, बाथरूमच्या फरशीवर पाय लांब करून बसायचा, मोबाईल बादलीला टेकवलेला, आणि त्याच्या नडग्यांवर पालथी ती एवढीशी पोर. आई इकडून ओरडायच्या, "मान धर! मानेखाली हात घाल! आता पानी, हलू, पाठीवरशी. चोल. घाबरतोस काय, मोरनार नाय ती." मी बाजूला उभी राहून बघत असे. आईंचे दोन्ही हात हवेत फिरत असत, तेल लावल्यासारखे, चोळल्यासारखे.

एकदा मधेच नेटवर्क गेलं. स्क्रीनवर चित्र थिजलं, जावयाच्या हातातला तांब्या तिरका, पोरीचं तोंड रडायला उघडलेलं. मी म्हणाले, "आई, लाईन गेली. त्यांना ऐकू येत नाही आता." त्यांनी ऐकलं नाही. त्या पुढे झुकून त्या थांबलेल्या चित्राला सांगत राहिल्या, "डोल्यान पानी जाल तिच्या. कपालावर हात धर. कपालावर."